बागेत येणाऱ्या मुंगसांच्या आणि चिचुंद्र्यांच्या वतीने : आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या व्यवस्थापक समितीस खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि व्यवस्थापक समितीचे सर्व सदस्य,
घोडबंदर रस्ता, ठाणे (पश्चिम)

सप्रेम नमस्कार.

‘बाग स्वच्छता व उपद्रवी प्राण्यांचा बंदोबस्त’ या मथळ्याखाली सूचना फलकावर लावलेली आणि त्याच दिवशी सभासदांच्या व्हॉट्सॲप गटावर पाठवलेली आपली सूचना मी वाचली. इमारतीमागच्या बागेच्या पट्टीतील झुडपे काढून तेथे पेव्हर ब्लॉक बसवणे, कुंपणभिंतीच्या तळाशी असलेली भोके सिमेंटने बुजवणे, बागेत उंदरांचे विष आणि चिकट सापळे ठेवणे, आणि तेथे वावरणाऱ्या मुंगसांना पिंजऱ्यात पकडून ‘येऊरच्या जंगलात सोडून देणे’ असे चार निर्णय तीत आहेत, आणि ही सगळी कामे पावसाळ्यापूर्वी उरकायची आहेत. यांपैकी एकही विषय सर्वसाधारण सभेपुढे आलेला नाही. हे निर्णय मला मान्य नाहीत, म्हणून हे पत्र. ते खुले ठेवण्याचे कारण असे की, याच रस्त्यावरच्या आणखी काही संस्थांची अशी कामेही मिळाली असल्याचे या कामाच्या कंत्राटदारानेच मला सांगितले. मानपाड्यापासून गायमुखापर्यंत ज्या संस्थांच्या बागा डोंगराच्या अंगाला आहेत, त्या सर्वांपुढे हा प्रश्न येणार आहे, आणि तेथील सभासदांनीही तो वेळीच वाचावा अशी माझी इच्छा आहे.

माझे घर तळमजल्यावर, मागच्या पट्टीला लागून आहे. निवृत्त होईपर्यंत मी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होते. पावसाळ्यात लेप्टोच्या संशयाने आलेले रक्ताचे नमुने मी हाताळलेले आहेत, त्यामुळे उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या या आजाराने धडधाकट माणूस किती लवकर खालावतो हे मला कोणी सांगायला नको. उंदरांचा बंदोबस्त झालाच पाहिजे, याबद्दल माझा आणि समितीचा मतभेद नाही. मतभेद आहे तो त्यासाठी निवडलेल्या मार्गाबद्दल, कारण या मार्गाने उंदीर राहतील आणि उंदीर खाणारे मरतील.

आपण ज्यांना उपद्रवी म्हटले आहे ते नेमके कोण आहेत, हे समितीतील किती सदस्यांनी पाहिले आहे याची मला कल्पना नाही. म्हणून मी पाहिलेले सांगते. पंपरूमच्या मागे भिंतीच्या तळाला पावसाचे पाणी जाण्यासाठी जे भोक ठेवलेले आहे, त्यातून सकाळी ऊन चढू लागले की मुंगूस आत येते. आधी फक्त नाक दिसते, ते बराच वेळ तसेच राहते, आणि मग एकदम सगळे अंग आणि जवळजवळ तेवढीच लांब शेपटी बाहेर येते. अंगावरचा एकेक केस फिक्या आणि गडद पट्ट्यांचा असल्यामुळे दुरून ते राखाडी वाटते. जवळून पाहिले तर मीठमिरी शिंपडल्यासारखा रंग दिसतो. ते बदामाच्या मोठ्या वाळक्या पानांखाली नाक घालते, पंजाने पान उलटते, खालचा किडा किंवा गोम खाते आणि पुढच्या पानाकडे वळते. मध्येच मागच्या दोन पायांवर उभे राहून सगळीकडे पाहते. कोणी जिन्याचे दार आपटले की क्षणात करवंदीच्या जाळीत दिसेनासे होते. माणसाच्या अंगावर ते कधी आलेले मी पाहिलेले नाही. उंदीर, घुशींची पिल्ले, सरडे, साप, अंडी, किडे आणि पडलेली फळे असा या प्राण्याचा आहार आहे, आणि यातल्या पहिल्या दोन गोष्टींसाठीच आपण कंत्राटदाराला पैसे देत आहोत.

दुसरी चिचुंद्री. आपल्या सूचनेत तिचे नावसुद्धा नाही, कारण ती उंदीर समजूनच मारली जाते. ती उंदीर नाही. उंदरासारखे कुरतडणारे दात तिला नसतात. लांब, सतत हलणारे नाक, बारीक डोळे आणि झुरळे, किडे, गांडुळे यांवर चाललेली अखंड भूक ही तिची ओळख आहे. इंग्लंडमध्ये लोक ज्याच्यासाठी बागेत पाणी ठेवतात, त्या हेजहॉग या छोट्या काटेरी प्राण्याच्या गणातली ती आहे. हेजहॉगचे भारतीय भाऊबंद गुजरात-राजस्थानच्या कोरड्या भागात आणि दक्षिणेत तमिळनाडूकडे आहेत. ठाण्याच्या बागेत त्या गणातली येते ती हीच. रात्री भिंतीच्या कडेकडेने चिट्‌चिट् असा आवाज करीत ती जाते. एकदा पंपरूमच्या ओट्याशी एक चिचुंद्री पिल्लांना घेऊन निघालेली मी पाहिली: पहिल्या पिल्लाने आईच्या शेपटीजवळची कातडी तोंडात धरलेली, दुसऱ्याने पहिल्याची, तिसऱ्याने दुसऱ्याची, आणि ही आगगाडी कुठेही न तुटता चेंबरच्या झाकणाला वळसा घालून गेली. तिच्या अंगाला उग्र वास येतो हे खरे आहे, आणि त्यामुळे मांजरेही तिला सहसा खात नाहीत. परंतु वास येणे हा जीव घेण्याएवढा अपराध नव्हे.

हे प्राणी ‘हल्ली आपल्याकडे शिरू लागले आहेत’ असे सूचनेत म्हटले आहे. आपली इमारत उभी राहण्यापूर्वी येथे काय होते हे गावठाणातल्या कोणाही वयस्कर माणसाला विचारावे. येऊरच्या डोंगराचा पायथा, ओढे, भातखाचरे आणि पाडे असा हा सगळा पट्टा होता. डोंगरावर संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. सुमारे 104 चौरस किलोमीटरच्या या जंगलाला आता बहुतेक सर्व बाजूंनी शहराने वेढलेले आहे. बिबट्या आणि सांबर यांची हद्द निदान नकाशावर आखलेली असते. मुंगूस, चिचुंद्री, बेडूक, सरडे हे मात्र त्या हद्दीबाहेर, नाल्याच्या काठाने, पडीक तुकड्यांतून आणि आपल्यासारख्या बागांमधून जगत असतात. आपल्या मागच्या पट्टीच्या पलीकडे नाला आहे, नाल्यापलीकडे झाडी आहे. त्यांच्या दृष्टीने ही एकच सलग जागा आहे आणि आपली भिंत मध्ये आलेली आहे.

आता आक्षेप.

पहिला आणि सर्वांत गंभीर आक्षेप मुंगसे पकडण्याला आहे. मुंगूस हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 नुसार संरक्षित प्राणी आहे. या कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे, तीत ठार मारणे आणि विष घालणे यांबरोबरच पकडणे, सापळा लावणे आणि आमिष दाखवणे हेही येते. म्हणजे कंत्राटदाराने अंडे ठेवून पिंजरा लावला, की मुंगूस सापडो वा न सापडो, गुन्हा घडला, आणि तो संस्थेच्या लेखी आदेशावरून घडला. राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय कोणताही प्राणी नेऊन सोडणे हाही कोणा खाजगी माणसाचा अधिकार नाही. कायदा बाजूला ठेवला तरी, अनोळखी जागी सोडलेल्या प्राण्याला बीळ, पाणी आणि लपण्याच्या जागा ठाऊक नसतात; तेथे आधीपासून राहणारे आपल्या हद्दीत त्याला टिकू देत नाहीत. मादी पकडली गेली आणि तिची पिल्ले आपल्याच बागेतल्या बिळात राहिली, तर ती भुकेने मरतील. मुंगसाची मादी एका वेळी साधारण दोन ते चार पिल्ले देते आणि वर्षातून एकापेक्षा अधिक वेळा देऊ शकते, तेव्हा ‘सध्या पिल्ले नसतील’ असे धरून चालता येत नाही. शिवाय पिंजरा घेऊन निघालेली गाडी खरोखर कुठे जाते हे कोण पाहणार आहे? मुंगसाच्या केसांपासून रंगकामाचे ब्रश बनवण्याचा बेकायदा धंदा आपल्या देशात अनेक वर्षे चालू आहे आणि प्रत्येक ब्रशामागे मुंगसे मारली जातात. आपल्या कंत्राटदारावर माझा आरोप नाही. पण अशा व्यवहाराला वाव राहील असे काम संस्थेने कोणावरही सोपवू नये.

दुसरा आक्षेप विषाला आहे. कंत्राटदाराच्या माणसाने दाखवलेल्या पाकिटावर ‘ब्रोमॅडिओलोन’ असे लिहिलेले आहे. हे औषध रक्त गोठू देत नाही. ते खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. तो काही दिवस जगतो, हळूहळू मंदावतो, उघड्यावर भरदिवसा दिसू लागतो, आणि अशा वेळी त्याला सहज पकडणारे कोण असते? मुंगूस, मांजर, घुबड, धामण. उंदराच्या शरीरातले विष त्यांच्या शरीरात जाते. मागच्या वर्षी बागेत विषाच्या वड्या टाकल्यानंतर काही दिवसांनी मीटररूमच्या बाजूला एक तरुण मुंगूस मेलेले सापडले. ते विषानेच मेले असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही, कारण त्याची तपासणीच झाली नाही. आणि तपासणी झाली नाही याचे कारण, वनविभागाला कळवू असे मी सचिवांना म्हणेपर्यंत ते प्लास्टिकच्या पिशवीत भरून कचऱ्याच्या गाडीत गेलेले होते. या गोष्टीचे मला अजून वाईट वाटते. संरक्षित प्राणी आवारात मेलेला आढळतो, आणि संस्थेच्या एकाही नोंदवहीत त्याचा उल्लेख नाही.

तिसरा आक्षेप चिकट सापळ्यांना. हे सापळे नेम धरत नाहीत. जे पाऊल पडेल ते चिकटते. मागच्या खेपेस पंपरूमजवळ ठेवलेल्या सापळ्यावर एक चिचुंद्री, दोन पाली आणि एक लहान बेडूक होता. चिचुंद्री जिवंत होती. पोटाची कातडी सुटू नये म्हणून मी गोडेतेल लावून बोटाने थोडे थोडे करून तिला सोडवले, तरी एका पायावरचे केस आणि साल निघून आलेच. पाठीमागे उभा असलेला मुलगा, जो आपल्याच एका सभासदाचा नातू आहे, ‘आजी, हिला दुखतंय का?’ एवढेच विचारत होता. ती रात्रीपर्यंत जगली नाही. असे सापळे बंद व्हावेत म्हणून भारतीय पशुकल्याण मंडळाने राज्यांना कळवलेले आहे. आपण ते पैसे देऊन विकत घेत आहोत.

पेव्हर ब्लॉकबद्दल थोडक्यात. मागची पट्टी ही डोंगराकडून येणारे पाणी जिरवणारी आपल्या आवारातील उरलेली एकमेव जमीन आहे. तीही झाकली तर ते पाणी पंपरूमकडे येईल. करंज आणि बदाम यांच्या बुंध्यापर्यंत सिमेंट नेले तर झाडांची मुळे गुदमरतील, आणि वाळलेले झाड उद्या पार्किंगवर पडेल.

मला समितीची भीती समजते, आणि ती मी हसण्यावारी नेत नाही. सापाची भीती सर्वांत मोठी आहे. झुडपे असली की साप येतात असे सभेत पुनःपुन्हा म्हटले जाते. साप येतो तो मुख्यतः उंदरामागे, आणि उंदीर येतो तो कचऱ्यामागे. आपल्या कचऱ्याच्या खोलीचे दार रात्रभर उघडे असते, ओला आणि सुका कचरा एकाच डब्यात पडतो, आणि मोठ्या संस्थांनी ओला कचरा आवारातच जिरवावा हे घनकचरा नियमांत सांगितलेले असूनही आपला गांडूळखताचा खड्डा बंद पडलेला आहे. या खोलीवर लक्ष न देता बागेत विष टाकणे म्हणजे नळ उघडा ठेवून लादी पुसणे आहे. साप दिसलाच तर काठी न घेता लांबून नजर ठेवावी आणि वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करावा किंवा ओळखीच्या सर्पमित्राला बोलवावे.

रेबीजचा मुद्दाही काही पालकांनी काढला. मुंगसाला रेबीज होऊ शकतो, हे खरे आहे. त्यामुळे त्याला हात लावू नये, कोपऱ्यात गाठू नये, पिल्लू एकटे दिसले तरी उचलू नये, आणि कोणताही वन्य प्राणी चावला तर जखम साबणाने भरपूर धुऊन ताबडतोब रुग्णालयात जावे. मात्र पिंजऱ्यात कोंडून घाबरवलेले मुंगूस चावण्याची शक्यता पानांत किडे शोधणाऱ्या मुंगसापेक्षा कितीतरी जास्त आहे, आणि तो पिंजरा उचलणारा माणूस हातमोजेसुद्धा न घालता येतो.

ज्यांना या प्राण्यांविषयी प्रेम आहे, अशा सभासदांनाही मला दोन शब्द सांगायचे आहेत. कृपया त्यांना दूध, पोळी, बिस्किटे घालू नका. दुधाने त्यांचे पोट बिघडते. आणि आयते खाणे मिळू लागले की प्राणी माणसाला सरावतो, त्यातून तक्रारी वाढतात आणि शेवटी तोच मारला जातो. उरलेले अन्न उंदरांना आणि घुशींनाही बोलावते. त्यांना खरी मदत करायची असेल तर ती फार साधी आहे. उन्हाळ्यात उथळ पसरट भांड्यात पाणी ठेवावे, त्यात एक दगड टाकावा म्हणजे बुडालेला लहान जीव बाहेर येऊ शकतो, आणि डास होऊ नयेत म्हणून ते रोज बदलावे. पालापाचोळा एका कोपऱ्यात तसाच राहू द्यावा. तो पेटवू नये. उघड्यावर कचरा जाळण्यास राष्ट्रीय हरित लवादाने 2016 मध्येच मनाई केली आहे, आणि त्या ढिगात बेडूक, चिचुंद्र्या आणि त्यांची पिल्ले दिवसा झोपलेली असतात. ढीग हलवायचाच असेल तर आधी काठीने हळूच चाळवावा. खड्डा खणला तर रात्रभरासाठी त्यात एक फळी तिरकी टाकून ठेवावी. आमचे माळीकाका हे सगळे कोणी न सांगता करीत आले आहेत. नव्या कंत्राटात त्यांचे काम निम्म्यावर आणले आहे, हेही मला येथे नोंदवायचे आहे.

आणि भिंतीतली भोके. ब्रिटनमध्ये हेजहॉगची संख्या इतकी घटली की 2020 मध्ये तेथील सस्तन प्राण्यांच्या लाल यादीत त्याला असुरक्षित ठरवावे लागले. तेथील लोक आता आपापल्या कुंपणाच्या तळाशी मुद्दाम 13 सेंटिमीटर लांबी-रुंदीचे भोक पाडतात, म्हणजे तो एका बागेतून दुसरीकडे जाऊ शकतो. ज्या वाटा तेथे नव्याने पाडाव्या लागत आहेत, त्या आपल्या भिंतीत पाण्याच्या निमित्ताने आधीपासूनच आहेत. त्या बुजवण्यासाठी खर्च करू नये, एवढेच मी म्हणते. रस्त्याच्या बाजूची भोके मात्र जाळी लावून जरूर बंद करावीत, कारण तेथून बाहेर पडलेला प्राणी थेट सेवा रस्त्यावरच्या वाहनांखाली जातो.

माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

1. वरील चारही कामे विशेष सर्वसाधारण सभेत चर्चा होईपर्यंत स्थगित करावीत. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमानुसार एकपंचमांश सभासदांनी लेखी मागणी केल्यास अशी सभा बोलवावी लागते. त्या मागणीवर मी सह्या घेण्यास सुरुवात केली आहे. समितीने स्वतःहून सभा बोलावली तर मला अधिक आनंद होईल.

2. मुंगसे पकडण्याचे कलम कंत्राटातून लेखी स्वरूपात काढून टाकावे आणि तसे फलकावर जाहीर करावे. यासाठी सभेची वाट पाहू नये.

3. बागेत आणि उघड्यावर विष ठेवणे बंद करावे. उंदरांसाठी कचऱ्याची खोली, मीटररूम आणि पंपरूम यांच्या आतच पिंजरे लावावेत व ते रोज सकाळी तपासावेत. चिकट सापळे आवारात कुठेही वापरू नयेत.

4. कचऱ्याच्या खोलीला आपोआप मिटणारे दार आणि खाली पत्र्याची पट्टी बसवावी, गांडूळखताचा खड्डा पुन्हा सुरू करावा, आणि पेव्हर ब्लॉकसाठी ठेवलेला निधी आधी यासाठी वापरावा.

5. मागच्या पट्टीत इमारतीला लागून चालण्यापुरती वाट हवी असेल तर ती करावी. भिंतीकडील झुडपे, करवंदीची जाळी आणि पालापाचोळ्याचा कोपरा राखावा. डोंगराच्या बाजूची भोके उघडी ठेवावीत.

6. आवारात जखमी वा मृत वन्य प्राणी आढळल्यास सुरक्षारक्षकाने त्याला हात न लावता 1926 वर कळवावे व वहीत नोंद करावी, अशी लेखी सूचना द्यावी. सूचनेची प्रत मी स्वतः तयार करून देईन.

पाणी ठेवणे, पाने वेगळी करणे आणि खताच्या खड्ड्याची देखरेख ही कामे मी आणि तळमजल्यावरचे आणखी काही सभासद विनामूल्य करण्यास तयार आहोत. समितीच्या येत्या बैठकीत मला दहा मिनिटे बोलू द्यावे, ही विनंती. पिंजरे लावण्यासाठी कंत्राटदाराला दिलेली तारीख त्या बैठकीच्या आधीची आहे. तेव्हा मागणी क्रमांक 2 वरील निर्णय मला त्यापूर्वी लेखी कळवावा. तो न मिळाल्यास मी या पत्राची प्रत ठाण्याच्या वनविभाग कार्यालयात देणार आहे आणि हे मी समितीला आधीच सांगून ठेवीत आहे.

कळावे,

आपली,
तळमजल्यावरील एक सभासद